सर्दी मोजू नका, वजन मोजा

पत्र थोडक्यात : पुण्याच्या धायरीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. मुलगा पावणेचार वर्षांचा. जूनमध्ये नर्सरी सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत त्याला सहा वेळा सर्दी-खोकला झाला, त्यातल्या तीनदा तापासकट. प्रत्येक आजारपणाच्या तारखांना त्यांनी कालनिर्णयवर लाल गोल केलेत. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, "नॉर्मल आहे, होईल कमी." सासूबाई म्हणतात, "पोराची प्रतिकारशक्तीच कमी," आणि रोज सकाळी गुळवेल-मिरी-सुंठीचा काढा पाजतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी 'इम्युनिटी बूस्टर' सिरप सुचवलंय, कुणी लॅबचं 'इम्युनिटी पॅकेज'. नवऱ्याचं तिसरंच : "आजारी पडूनच पोरं घट्ट होतात, फ्लूची लस-बिस काही नको." दोघंही नोकरी करतात, दोघांच्याही रजा संपत आल्यात. वर्षभर शाळा बंद करावी का, आणि शक्ती वाढवायला नक्की काय द्यावं, असं त्या विचारतात. पत्राच्या तळाशी एक सुटी ओळ आहे : "मी त्याला सातच महिने अंगावर पाजलं. त्यामुळे तर हे होत नसेल ना?"

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तीच तुम्हाला आतून खातेय असं दिसतं. नाही, त्यामुळे नाही. आईकडून बाळाला मिळणाऱ्या अँटीबॉडीजचा, म्हणजे जंतूंना पकडणाऱ्या प्रथिनांचा, मोठा वाटा जन्माआधीच पोचलेला असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत विरत जातात, मग आई कितीही पाजो. दुधातल्या अँटीबॉडीज वेगळ्या जातीच्या. त्या रक्तात फारशा उतरत नाहीत. मूल पीत असेपर्यंत घसा आणि आतडं यांच्या अस्तरावर राहून काम करतात. सात महिने पाजलंत, सात महिने त्यांनी काम केलं. आज त्याच्या नाकात जे चाललंय त्याचा हिशेब तिथे लावू नका. आणि घरात कुणी लावत असेल, तर हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

आता सहा सर्द्यांचं. या वयाच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. शाळेच्या किंवा पाळणाघराच्या पहिल्या वर्षात आकडा दहा-बारावर गेला तरी बालरोगतज्ज्ञ दचकत नाहीत. त्यात पुण्याचा पावसाळा, काचा बंद केलेली व्हॅन, आणि एकमेकांची पेन्सिल तोंडात घालणारी वर्गभर मुलं. एकेका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. एक पुरती संपायच्या आत दुसरी येते, आणि आईला वाटतं, हा जूनपासून बराच झाला नाही. तुमचे डॉक्टर बरोबरच बोलले. फक्त बाहेर ओपीडी तुंबलेली असताना दोन वाक्यांत बोलले.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की मुलाला एकच आजार पुन्हा पुन्हा उलटतोय. तसं नसतं. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, त्यात एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार. एका प्रकाराशी झालेली ओळख दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. उलट, जिथे विषाणू जवळपास तोच राहतो तिथे शरीराची आठवण किती टिकते ते बघा. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. तिथे गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या लक्षात आलं, की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेली जी म्हातारी माणसं त्याला भेटली, त्यांतल्या कुणालाच तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं! तेव्हा तुमच्या मुलाची आठवण कच्ची नाही. त्याला भेटणारी मंडळी दर वेळी नवी आहेत.

ही ओळख होते कशी, ते जरा सविस्तर सांगते. किल्ला, तटबंदी, ढालवाले सैनिक ही सगळी जाहिरातीतली चित्रं बाजूला ठेवा. शरीर शिंप्याकडे माप देऊन अँटीबॉडी शिवून घेत नाही. ते लक्ष्मी रोडवरच्या तयार कपड्यांच्या दुकानात शिरतं. अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना बी-पेशी म्हणतात. त्यांतल्या प्रत्येकीच्या अंगावर विषाणू पकडायचा एकेका मापाचा सापळा असतो, आणि ही मापं कुठलाही विषाणू दिसायच्या आधीच, जनुकांचे तुकडे पिसून, कोट्यवधी तऱ्हांची तयार असतात. विषाणू आला की त्याचे तुकडे मानेतल्या, जबड्याखालच्या लसिका गाठींत पोचतात. (सर्दीत त्या गाठी हाताला लागतात आणि आया घाबरून धावत येतात. तिथे हाच कारभार चालू असतो.) ढिगातली ज्या पेशीची फिटिंग बसेल तिला उचललं जातं, तिच्या हजारो प्रती निघतात, आणि प्रती काढता काढता थोडं ऑल्टरही होतं, म्हणजे पकड आणखी घट्ट. ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेटनं ही कल्पना १९५७ मध्ये मांडली आणि ती खरी ठरली. या निवडीला पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यातल्या काही पेशी नंतर वर्षानुवर्षं राहून जातात, म्हणून तोच प्रकार दुसऱ्यांदा आला तर मूल आजारी पडायच्या आत प्रकरण मिटतं.

अशी न झालेली सर्दी कुठल्याच कॅलेंडरवर येत नाही.

मग तो आठवडाभर कोण सांभाळतं? जन्मजात व्यवस्था. नाकातला चिकट स्राव आणि त्याखालचे सूक्ष्म केस, जे तो स्राव सतत घशाकडे लोटत असतात. तिथून तो गिळला जातो आणि पोटातलं आम्ल पुढचं बघतं. अश्रू आणि शेंबडातलं लायसोझाइम, जे अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिनच्या आधी काही वर्षं, स्वतःला सर्दी झालेली असताना, स्वतःच्याच शेंबडात सापडलं. आणि न्युट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. शेंबूड तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट होतो ना? तो रंग या पेशींमधल्या एका हिरव्या एन्झाइमचा असतो. "हिरवं झालं, आता अँटिबायोटिक लागणार" हे पुण्यात मी रोज ऐकते, कधी कधी केमिस्टच्या तोंडूनही. नुसता रंग बदलला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही, आणि विषाणूवर ते चालतही नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे : शक्ती वाढवायला काय द्यावं? इथे मला तुम्हाला थोडं अडवायचंय. ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फारशी नासधूस करत नाही. नाक गळणं, घसा धरणं, अंग मोडून येणं यांतलं बरंचसं शरीराच्या स्वतःच्या प्रतिसादामुळे होतं. तापही तसाच. मेंदूतला थर्मोस्टॅट शरीर मुद्दाम वर नेतं, कारण पुष्कळ जंतूंना ती उष्णता मानवत नाही. म्हणजे त्या सिरपनं खरोखरच सरसकट प्रतिकार वाढला असता, तर मुलाचं नाक जास्त गळलं असतं. आपल्याला हवा असतो तो नेमका प्रतिकार, आणि वेळेवर थांबणारा.

न थांबलेला प्रतिकार कसा असतो, ते तुमच्या भागानं पाहिलंय. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक यायला लागले. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पायातली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढत जाणं, काहींना व्हेंटिलेटर. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला, जो दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखीच दिसते. शरीरानं जिवाणूविरुद्ध अँटीबॉडीज बनवल्या आणि त्या नसांवर जाऊन बसल्या. त्या रुग्णांची प्रतिकारशक्ती कमी नव्हती. त्यांच्यावर एक उपचार काय होता, तर हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडीजची महागडी इंजेक्शनं, जी हा बिघडलेला प्रतिसाद शांत करतात. नाहीतर प्लाझ्माच बदलून काढायचा. घाबरवायला सांगत नाही. हा जिवाणू पोटात गेलेल्या हजारांत एखाद्यालाच असं होतं. पाणी उकळा, चिकन पूर्ण शिजवा, आणि 'वाढवा' हा शब्द प्रतिकारशक्तीला जोडताना जरा थबका.

शरीर स्वतःही थबकतं. तुमच्या मुलाच्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, बालपणी ती चांगली मोठी असते. तिथे टी-पेशींची, म्हणजे आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, परीक्षा होते. उपयोगाच्या नसलेल्या आणि स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशींना तिथेच संपवलं जातं, आणि शंभरातल्या नव्वदाहून जास्त पेशी त्यातून बाहेर पडतच नाहीत. त्यातूनही निसटलेल्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी-पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. इतका आवर घालायला बसलेल्या व्यवस्थेला नऊशे रुपयांचं सिरप काय वाढवून देणार?

काढ्याबद्दल. सासूबाईंशी वाद घालू नका, पण गुळवेल रोज आणि महिनोन्महिने लहान मुलाला नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, तीसुद्धा शरीराची प्रतिकारव्यवस्थाच यकृतावर उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीच्या ओळखीबद्दल प्रश्न केले. वाद मोठ्यांचा आहे. त्यात पावणेचार वर्षांच्या पोराचं यकृत कशाला पणाला लावायचं? त्याऐवजी रात्री हळदीचं दूध, आणि खोकल्याला चमचाभर मध हे काम आजींकडेच द्या. एक वर्षावरच्या मुलाच्या खोकल्याला मधानं आराम पडतो, हे अभ्यासांतही दिसलंय. आणि नातवासाठी काहीतरी करण्याची त्यांची धडपड खरी आहे, ती कुठेतरी लागायला हवी. च्यवनप्राश चाटवत असतील तर त्यात साखर किती आहे, एवढं बघा. व्हिटॅमिन सी रोज देऊन सर्दी टळत नाही. झालेली किंचित लवकर आटपते, इतकंच.

अन्नाचं खरं कारण असेल तर ते बहुधा लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत पाच वर्षांखालच्या ६७ टक्के भारतीय मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. तुमचा मुलगा चपातीपेक्षा दूध-बिस्किटांवर जगत असेल (असतातच), तर हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि दूध दिवसाला दोन कपांच्या आत आणा. लॅबच्या 'इम्युनिटी पॅकेज'वर मात्र पैसे घालू नका. त्या आकड्यांचा अर्थ मुलाच्या वयाप्रमाणे बदलतो, आणि कारण नसताना केलेल्या तपासणीत काहीतरी लाल अक्षरात येतंच.

खरंच कमी प्रतिकारशक्तीची मुलं असतात. ती वेगळी दिसतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया. वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं किंवा कानाचा संसर्ग. अंगात खोलवर होणारे गळू. पहिल्या वाढदिवसानंतरही तोंडात टिकून राहणारी पांढरी बुरशी. शिरेतून अँटिबायोटिक दिल्याशिवाय न हटणारे संसर्ग. घराण्यात लहान वयात संसर्गानं गेलेली मुलं. आणि सगळ्यात साधी खूण, वजन न वाढणं. म्हणून ते लाल गोल थांबवा आणि लसीकरणाच्या पुस्तिकेतला वाढीचा तक्ता काढा. दर दोन-तीन महिन्यांनी वजन आणि उंची त्यावर टिंबात मांडा. दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांत तो खेळतोय, खातोय आणि टिंबं आपल्या रेषेनं वर जातायत, तर मुलगा ठीक आहे. वरच्यातलं काही असेल, तर मात्र ग्रुपवर न विचारता डॉक्टरांची नीट वेळ घ्या. तेव्हा रक्तातल्या पेशी आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीज, मोजण्याला अर्थ असतो.

अजून एक शक्यता तुमच्या पत्रातून सुटलीय. यातल्या काही सर्द्या सर्द्याच नसतील. ताप नाही, सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका, नाक चोळणं, रात्रीचा कोरडा खोकला, छातीत शिटी, आणि घरात कुणाला दमा, तर ॲलर्जीचा विचार करावा लागतो. रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, तर ॲडेनॉइड्सचा, म्हणजे नाकामागच्या गाठी वाढल्याचा. आणि घरात कुणी सिगरेट ओढतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाल्कनीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांवरून आत येतोच. सिगरेट, मच्छर कॉइल, धूप, हे सगळं नाकाच्या त्या सूक्ष्म केसांना लुळं करतं. शे-दोनशे रुपयांचा औषधाचा खर्च टाळायचा असेल तर कॉइल बंद करून खिडकीला जाळी लावा.

शाळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे : बंद करू नका. लवकर पाळणाघरात जाऊन सतत सर्दी झालेल्या मुलांना पुढे शाळेच्या वयात सर्दी कमी होते, असं अमेरिकेत ॲरिझोनामध्ये आणि कॅनडात क्वेबेकमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासांत दिसलं. आता घरी ठेवलंत तर हेच प्रकरण पुढच्या जूनमध्ये, आणि तेव्हा रजा तरी कुठे असणार आहेत! ज्यांच्या मुलांना हृदयाचा आजार आहे, गंभीर दमा आहे, किंवा कर्करोगाचे वा स्टेरॉइडचे उपचार चालू आहेत, त्यांनी मात्र हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचा निर्णय डॉक्टरांबरोबरच व्हायला हवा. तुमच्या मुलासाठी नियम साधा ठेवा. औषध न देता चोवीस तास ताप नसेल आणि तो नेहमीसारखा खेळत असेल, तर नाक गळत असलं तरी शाळा. ताप असेल तर घरी. पालकसभेत दोन गोष्टी मागा : वर्गाच्या खिडक्या उघड्या आणि डब्याआधी साबणानं हात. शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस देणाऱ्या शाळांना तर मी पत्रच लिहिणार आहे. तापलेली पोरं त्या एका मेडलसाठी वर्गात येऊन बसतात.

आजारपणात घरी नाकात सलाइनचे थेंब, भरपूर पातळ पदार्थ, आणि मूल तापानं अस्वस्थ असेल तर पॅरासिटामॉल, डोस वयावर नव्हे तर वजनावर. खोकल्याच्या सिरपची उरलेली बाटली फ्रिजच्या दारात असेल तर टाकून द्या. सर्दीच्या नेहमीच्या एका मिश्रणाबद्दल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनच्या, आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच चार वर्षांखाली देऊ नये म्हणून सांगितलंय. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या खोकल्याच्या औषधानं मुलं दगावली, ते अजून ताजं आहे. धावपळ कधी करायची? मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त भरले, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडत असला, पाणीही पीत नसला किंवा गळून गेल्यासारखा झोपाळला, तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

राहिले तुमचे यजमान. "आजारी पडून घट्ट होतात" यात अर्धं तथ्य आहे, ते वर आलंच. पण सगळे आजार शिकवत नाहीत. गोवर तर शिकलेलं पुसतो : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर त्यांच्या इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या दिसल्या. लस म्हणजे तीच दुकानातली निवड, आजाराची किंमत न देता. फ्लूचा विषाणू आवरण बदलत राहतो म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. आणि फ्लू म्हणजे साधी सर्दी नव्हे, हे पुणेकरांना सांगायची गरज नसावी. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू याच शहरात, एका शाळकरी मुलीचा झाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ही लस द्यावी असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. सरकारी कार्यक्रमात ती नाही, खासगीत घ्यावी लागेल. पहिल्याच वर्षी दोन डोस, मध्ये चार आठवड्यांचं अंतर. पुढे वर्षाला एक. पावसाळ्याआधी घेणं उत्तम, पण जानेवारी ते मार्चही फ्लूचेच दिवस असतात, त्यामुळे आता डिसेंबरच्या आत पहिला डोस झाला तरी तो वाया जाणार नाही. त्याच फेरीत लसीकरणाची पुस्तिका डॉक्टरांपुढे ठेवा आणि दीड-दोन वर्षांच्या वयाचे गोवर-रुबेला आणि डीपीटीचे डोस नोंदलेले आहेत का, तेवढं बघून घ्या.